नियंत्रित गटातली रेजिना मावशी

फेब्रुवारी उजाडला की आमच्या जेवायच्या टेबलावर जेवायला जागा उरत नाही. तिथे जर्नलं असतात. खाकी कव्हरं, त्यावर लेबलं, लेबलांवर मुलींची ठेवणीतली अक्षरं, आणि आत सगळ्यांचा एकच प्रयोग, एकच निष्कर्ष, एकाच झेरॉक्स मशीनची एकच काळी रेघ. मी कॉलेजात पहिल्या वर्षाला मानसशास्त्र शिकवते. पोरं हुशार आहेत, पण प्रयोग म्हटला की त्यांना वाटतं मॅडमना हवं ते उत्तर आणून द्यायचं. निष्कर्ष आधी लिहितात आणि माणसं मागून शोधतात.

फुलपाड्यातल्या आमच्या सोसायटीत एकच आंब्याचं झाड आहे. त्याला या दिवसांत मोहोर येतो आणि खाली लावलेल्या माझ्या स्कूटीच्या सीटवर चिकट थर बसतो. सकाळी मी तो ओल्या फडक्याने पुसते, संध्याकाळी परत तेच. शेजारचे म्हणतात गाडी दुसरीकडे लावा. मी लावत नाही. त्या मोहोराच्या वासाला मला दर वर्षी मागे नेऊन सोडायचं असतं, यंदा सतरा वर्षं मागे, आणि मी उगाच कशाला आडवी येऊ?

परवा वर्गात एका मुलीने विचारलं, "मॅडम, नियंत्रित गटाचं नेमकं काय करायचं असतं?"

"काही नाही," मी म्हटलं. "प्रायोगिक गटाला जे द्यायचं ते द्यायचं. नियंत्रित गटाला काहीच द्यायचं नाही. नुसतं ठेवायचं. मग दोघांत फरक पडला का ते बघायचं."

"म्हणजे ते नुसते बसून राहतात?"

"हो. बसून राहतात."

आणि बोलता बोलता मला पापडी गावच्या आळीतली एक पडवी दिसली. त्यानंतर मी फळ्यावर काय लिहिलं ते मला आठवत नाही. मुलांनी मात्र इमानेइतबारे उतरवून घेतलं असणार.

मी पहिल्या वर्षाला असताना माझी मैत्रीण होती सिंथिया. पापडीची. तिच्या घरामागे केळीची वाडी, विहीर, विहिरीवर दिवसभर खोकणारा पंप. आम्ही कोकणातून आलेले, विरारच्या दोन खोल्यांत राहणारे, त्यामुळे तिच्याकडे गेलं की मला आजोळी आल्यासारखं वाटायचं. आणि तिच्या शेजारी रेजिना मावशी. मावशीचा नवरा जाऊन आठ वर्षं झालेली, दोन्ही मुलगे कॅनडात. सिंथियाशी ती त्यांच्या घरच्या बोलीत इतकं भराभर बोलायची की माझ्या हाती दोन शब्द लागायचे. माझ्याशी मात्र फादरांशी बोलायची ती ठेवणीतली मराठी. दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की मी तिच्याकडे हजर. मी मिस्सेला जात नसे, मिस्सेनंतरच्या नाश्त्याला जात असे. येताना ती डबा द्यायची, सुकेळ्यांचा. वाळवलेल्या केळ्यांची ती मधाळ, चिवट गोडी ज्याला माहीत नाही त्याला मी काय सांगू? डब्यावर तिच्या नवऱ्याचं नाव कोरलेलं होतं. तो डबा पुढच्या रविवारी भरून परत करायचा. माझी आई खोबऱ्याच्या वड्या भरून द्यायची. असा तो डबा विरार ते पापडी फिरत असे.

तर प्रकल्प करायचा होता. वीस मार्कांचा. सिंथियाने आणि मी विषय घेतला, 'नियमित भेटीचा ज्येष्ठांच्या मनःस्थितीवर होणारा परिणाम'. नाव ऐकून आम्हीच अर्ध्या गार झालो होतो. आळीतली दहा म्हातारी माणसं निवडायची. पाच जणांकडे रोज संध्याकाळी जायचं, पंधरा मिनिटं गप्पा मारायच्या. हा प्रायोगिक गट. उरलेल्या पाचांकडे पंधरा दिवस फिरकायचं नाही. हा नियंत्रित गट. कोण कुठल्या गटात ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, आणि कुणालाही काही सांगायचं नाही. सांगितलं तर माणूस मुद्दाम खूश होतो नाहीतर मुद्दाम रुसतो.

मनःस्थिती मोजायला सिंथियाने बाटलीचं झाकण ठेवून पाच चेहरे काढले. पहिला रडका, पाचवा हसरा. मधला हुबेहूब आमच्या प्रॅक्टिकलच्या मॅडमसारखा झाला होता, पण आता खोडाखोड कोण करणार.

सुरुवातीला दहाही जणांकडून एकेक फॉर्म भरून घेतला. बाकीच्यांनी पटापट हसऱ्या चेहऱ्यावर खूण केली. पोरी शिकतायत, त्यांचं चांगलं होवो, असा सगळ्यांचा भाव. रेजिना मावशी मात्र पेन धरून बसली. मग तिने मला विचारलं, "खरं लिहायचं का चांगलं लिहायचं?"

संशोधनपद्धतीची मी पुढे जाडजूड पुस्तकं वाचली. हा प्रश्न इतक्या सरळ शब्दांत कुठल्याच पुस्तकाने विचारला नाही.

"खरं," मी म्हटलं.

तिने दुसऱ्या चेहऱ्यावर खूण केली. रडक्याच्या शेजारचा. मग कागदाची चार घड्यांची पुडी करून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "चल, पाणी तापलंय, चहा टाकते." मी ती घडी घरी जाऊन उघडली आणि कितीतरी वेळ बघत बसले. दर रविवारी माझ्या फालतू विनोदांना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारी बाई, आणि दुसरा चेहरा!

दुसऱ्या दिवशी नानकटाईच्या डब्यात दहा चिठ्ठ्या टाकल्या. सिंथियाने डोळे मिटून पाच काढल्या. त्यात रेजिना मावशी नव्हती.

मी मॅडमकडे धावले. म्हटलं, एक चिठ्ठी बदलू का? एकच. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "तुला कुणाकडे जावंसं वाटतं यावर निवड झाली तर तो प्रयोग नाही, पाहुणचार आहे. चिठ्ठी बदलायची नाही. हवं तर विषय बदल."

विषय बदलायला दिवस नव्हते. आणि खरं सांगायचं तर अंगात शास्त्र शिरलं होतं. एकोणिसाव्या वर्षी माणसाला आपण फार वस्तुनिष्ठ आहोत असं वाटतं. मी म्हटलं, पंधरा दिवस तर आहेत.

ईस्टरआधीचा उपवासकाळ नुकताच लागला होता. संध्याकाळी चर्चमध्ये क्रुसाची वाट ही प्रार्थना करून माणसं परतायची, वाडीत पाटाचं पाणी सोडलेलं असायचं, ओल्या मातीचा आणि मोहोराचा वास आळीभर. त्या वासातून मी वही छातीशी धरून मावशीच्या दारावरून जायची, नजर जमिनीवर, जशी काही माझी कुणाशी ओळखच नाही. पहिल्या दिवशी तिने हाक मारली. मी "घाईत आहे" म्हणून पुढच्या घरात शिरले आणि तिथे पंधरा मिनिटं बसले. मावशीच्या पडवीतून ते घर स्वच्छ दिसत होतं. दुसऱ्या दिवशी तिने हाक मारली नाही, नुसती दारात उभी राहिली. तिसऱ्या दिवशी खुर्ची टाकून बसली.

इकडे प्रायोगिक गटाची वेगळीच तऱ्हा. त्यातले इनासकाका, ऐंशीच्या घरातले, ठणठणीत, सकाळी स्वतः वाडीला पाणी लावायचे. पहिले दोन दिवस त्यांनी आम्हाला जुन्या पुराच्या गोष्टी सांगितल्या. चौथ्या दिवशी त्यांचा चेहरा उतरला. सहाव्या दिवशी मला जवळ बसवून खालच्या आवाजात म्हणाले, "बेटा, डॉक्टरने तुला काही सांगितलंय का?"

"नाही हो काका. का?"

"मग रोज कशाला येतेस? आमच्याकडे माणूस जायला टेकला की मगच लोक असे रोज येतात."

मी परोपरीने सांगितलं, काका तसं काही नाही. पण मी जितकं नाही म्हणाले तितकी त्यांची खात्री पटत गेली. दहाव्या दिवशी त्यांनी गोखिवऱ्याहून लेकीला बोलावून घेतलं, वाडीच्या हद्दी समजावून सांगितल्या आणि चर्चमध्ये जाऊन कन्फेशन करून आले. दुसरी एक आजी आम्हाला पाहिलं की सुनेला सांगायची, मी झोपलेय म्हणून सांग. हे ती इतक्या मोठ्याने सांगायची की सुनेला काही सांगावंच लागत नसे. "आज कसं वाटतंय?" आम्ही विचारायचो. "काल वाटलं तसंच," उत्तर यायचं. नवव्या दिवसापर्यंत आम्ही त्या पाच घरांना पुरत्या नकोशा झालो होतो.

त्याआधी पाचव्या दिवशी सिंथियाने निरोप आणला होता. "मावशी डबा मागतेय."

डबा! तो माझ्याच घरी राहिला होता. मी वही उघडून बसले आणि विचार केला. डब्यात वड्या घालून पाठवल्या तर तो संपर्क झाला. संपर्क म्हणजे नियंत्रण गेलं. तेव्हा शास्त्राला धरून मी डबा घासला, पुसला आणि सिंथियाच्या हाती पाठवून दिला. रिकामा.

आईला हे कळलं तेव्हा ती कणीक मळत होती. हात तसेच ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "रिकामा डबा पाठवलास? भांडण झालेली माणसं पाठवतात रिकामा डबा. काय शिकवतात गं तुम्हाला त्या कॉलेजात?" मी तिला नियंत्रित गट समजावून सांगितला. ती म्हणाली, "तुझं मेलीचं डोकं ठिकाणावर नाही," आणि परत कणकेला लागली. चिमूटभर साखर का होईना, घालायची होती गं, असं नंतर रात्री जेवताना दोनदा म्हणाली.

मावशीने डबा उघडला, आत पाहिलं, झाकण लावलं आणि तशीच पडवीत बसून राहिली, असं सिंथियाने मला सांगितलं. सांगताना तिचा आवाज चोरटा झाला होता. मी मनात एकच गोष्ट धरून बसले होते. दुसऱ्या चेहऱ्यावर खूण केलेल्या बाईला मी पहिल्या चेहऱ्याकडे ढकलतेय, आणि तेही वीस मार्कांसाठी. तरी मी गेले नाही. हे मला आजही लिहायला आवडत नाही, पण खरं लिहायचं का चांगलं लिहायचं, हा प्रश्न आता माझ्यासमोर आहे.

नवव्या दिवशीच्या संध्याकाळी मावशीच्या पडवीतून हसण्याचा आवाज आला. एकाचा नाही, चांगला चार-पाच जणांचा. मी कुंपणाच्या जास्वंदीआडून पाहिलं. मावशी, शेजारचे म्हात्रे गुरुजी आणि आणखी तिघं. माझा अख्खा नियंत्रित गट तिथे चहा पीत बसला होता! म्हात्रे गुरुजी आणि मावशी सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती. गुरुजींच्या आंब्याची फांदी मावशीच्या विहिरीवर यायची आणि पाण्यात पानं पडायची, त्यावरून. ते गुरुजी मावशीच्या पडवीत मांडी ठोकून म्हणत होते, "अहो, समोरच्या पाचही घरांत जाते, आणि आपल्याकडे ढुंकून बघत नाही. आपण तिचं काय घोडं मारलंय?"

"मी तिला लग्नाचं विचारलं होतं जानेवारीत," मावशी म्हणाली. "त्याचा राग आला असेल."

"लग्नाचं विचारलं म्हणून मला कशाला शिक्षा? मी तर तिला पाढे विचारले होते."

परत सगळे हसले. मी जास्वंदीत उभी. माझा चेहरा सिंथियाच्या पाचांपैकी एकातही बसला नसता. मी ज्यांना एकटं ठेवलं होतं ती माणसं मला सोडून मजा करत होती आणि मला चक्क रडू येत होतं. त्यानंतर रोज क्रुसाची वाट आटोपली की ती पडवी भरायची. कुणी भजी आणायचं, कुणी नुसतंच माझ्याबद्दलचं नवं गाऱ्हाणं. गुरुजींनी स्वतः शिडी लावून ती फांदी छाटली, तेही मी डोळ्यांनी पाहिलं.

पंधरावा दिवस उजाडला. दहाही जणांकडून परत फॉर्म भरून घ्यायचे होते. प्रायोगिक गट सगळा खाली घसरला होता. इनासकाकांनी पहिल्या चेहऱ्यावर खूण केली आणि मला विचारलं, "आता किती दिवस?" मी म्हटलं, "काका, आजपासून मी येणार नाही." ते इतके आनंदले की त्यांनी खूण खोडून पाचव्यावर केली. अशी खोडलेली खूण धरायची का नाही, यावर सिंथियाचं आणि माझं भांडण झालं.

मग मी मावशीच्या पडवीत गेले. पाचही जण बसलेले. कुणी बस म्हटलं नाही. प्रयोग संपला की प्रयुक्तांना, म्हणजे ज्यांच्यावर प्रयोग केला त्या माणसांना, सगळं खरं सांगायचं असं पुस्तकात असतं. ते चिडलेले असतील तर काय करायचं, हे पुस्तकात नसतं. मी उभ्या उभ्या घडाघडा सगळं ओकले. चिठ्ठ्या, नानकटाईचा डबा, मॅडम, रिकामा डबा, सगळं.

गुरुजींना पहिल्यांदा उमगलं. "म्हणजे आम्हाला भेटायला कुणी यायचं नाही, आणि मग आमचं काय होतं ते बघायचं, असा प्रयोग?"

"हो."

मावशी माझ्याकडे बघत होती. चिडून नाही. जरा नवलाने. "एवढ्यासाठी कशाला गं पंधरा दिवस घालवलेस?" ती म्हणाली. "मला विचारायचं होतंस. मी आठ वर्षं त्याच गटात आहे."

विहिरीवरचा पंप तेवढा खोकत होता. मी मांडी घालून तिच्या पायाशी बसले आणि भोकाड पसरलं. गुरुजी म्हणाले, "अगो, रडतेस कशाला, आम्हाला तर फायदाच झाला." आणि चौघांनी हसऱ्या चेहऱ्यावर ठसठशीत खुणा करून दिल्या. मावशीने फॉर्म घेतला, मला चहा दिला, आणि फॉर्म येशूच्या तसबिरीमागे खोचून ठेवला.

"मावशी, भर ना."

"आज नको. पुढच्या वेळी येशील तेव्हा भरते."

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी माझं जर्नल उलटसुलट पाहिलं. नियंत्रित गट वर, प्रायोगिक गट खाली, गृहीतक सपशेल आडवं. "आणि इथे चारच फॉर्म कसे? पाचवा कुठाय?"

"सर, त्या नंतर भरते म्हणाल्यात."

"मग घेऊन या."

"आणते सर." मार्क काय पडले ते विचारू नका. तो फॉर्म मी अजून आणतेच आहे.

कारण पुढच्या रविवारी गेले तर मावशी म्हणाली, आज चष्मा सापडत नाही. त्याच्या पुढच्या रविवारी, आज हात तेलकट आहेत. वर्षभराने मी विचारणं सोडलं आणि ती मात्र स्वतःच आठवण काढायची, "तुझं ते राहिलंय गं, पुढच्या वेळी नक्की." एकदा मी वैतागून म्हटलं, मावशी, कॉलेज संपलं माझं, आता कशाला हवाय तो? ती म्हणाली, "भरून दिला की तू यायची बंद होशील." आणि माझ्या डब्यात सुकेळी भरायला लागली.

तरी माणूस ते माणूसच. माझं लग्न झालं, मूल झालं, नोकरी लागली. रविवारचे महिने झाले, महिन्यांचे सण झाले. आळीतल्या अर्ध्या वाड्यांच्या जागी बिल्डिंगी आल्या. म्हात्रे गुरुजी तीन वर्षांपूर्वी गेले, पडवीतली बाकीची तिघंही एकेक करून गेली. मी दर वेळी म्हणायची, ॲडमिशन उरकल्या की जाते, पेपर तपासून झाले की जाते. गेल्या नाताळात नुसता फोन केला. मुलांना मात्र दर वर्षी ठणकावून सांगत आले की नियंत्रित गटाला हात लावायचा नाही.

परवा, वर्गातल्या त्या प्रश्नाच्याच संध्याकाळी, मी जर्नलांच्या ढिगात बसले होते आणि सिंथियाचा फोन आला.

"अगं, मावशी पेन मागतेय."

"कसलं पेन?"

"तुझा फॉर्म भरायचाय म्हणते. सकाळी तसबिरीमागून काढून घेतला. म्हणते, त्या पोरीचं काम उगाच अडलंय इतकी वर्षं, एकदाचं देऊन टाकू."

"देऊ नकोस!" मी ओरडले. "पेन देऊ नकोस तिला! शाई संपलीय म्हणून सांग, काहीही सांग!" नवरा आतून धावत आला, त्याला वाटलं भूकंप झाला. त्याला काय समजावू? फ्रीजमध्ये आदल्या दिवशीच्या खोबऱ्याच्या वड्या होत्या. मावशीचा डबा माझ्याकडे होता, कधीपासून ते सांगायची लाज वाटते. वड्या त्यात भरल्या, स्कूटीवरचा मोहोर पुसायलाही थांबले नाही, आणि सुटले.

पडवीत गुरुजींची खुर्ची अजून आहे. मावशी दुसऱ्या खुर्चीत, पंच्याऐंशी वर्षांची, इतकीशी झालेली. मांडीवर पाट, पाटावर पिवळा पडलेला फॉर्म, घड्यांवर फाटत आलेला, आणि हातात पेन. कुठून पैदा केलं देव जाणे. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "खरं लिहायचं का चांगलं लिहायचं?"

पेनाचं टोक दुसऱ्या चेहऱ्यावर होतं, टेकायचं बाकी. मी वाकून ते पेन तिच्या बोटांतून काढून घेतलं.

"आज नको, मावशी. पुढच्या रविवारी भर."

"पुढच्या रविवारी तरी भरू देशील?"

"बघू."

पेन मी पर्समध्ये टाकून चेन लावली. मावशीने ते नीट पाहिलं. मग फॉर्मची चार घड्यांची पुडी केली, मला ती तसबिरीमागे खोचायला लावली, वड्या एका ताटलीत काढून घेतल्या, आत जाऊन आली आणि जड झालेला डबा माझ्यापुढे धरला.

"रविवारी आणून दे," ती म्हणाली. "आणि रिकामा आणलास, तर घरात दुसरं पेन आहे माझ्याकडे."